मेजफलक की पाषाणचित्र? : एका संज्ञेची चिकित्सा

रंगीत कठीण दगडांचे पातळ काप एकमेकांस भिडवून फ्लॉरेन्स येथे जे मेजफलक घडविले गेले, त्यांचा उल्लेख 'पाषाणचित्र' असा करण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा गौरवार्थी खरी. परंतु तिने या कलेच्या समीक्षेस चुकीची दिशा दिली आहे. चित्र म्हटले की ते कितपत हुबेहूब उतरले, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्या कसोटीस दगड हा कुंचल्यापुढे नेहमीच उणा ठरावयाचा.

कारागिरांची स्वतःची संज्ञा निराळी आहे. इटालियन भाषेतील 'कोम्मेस्सो' हा शब्द 'सांधणे' या अर्थाच्या क्रियापदापासून सिद्ध झाला आहे; त्यात चित्राचा निर्देश नाही, सांध्याचा आहे. फर्डिनांद दे मेदिची याने १५८८ साली स्थापिलेल्या कार्यशाळेत ही कृती परिपूर्णतेस गेली. धनुष्यास ताणलेली लोखंडी तार आणि ओली कुरुंदाची पूड यांनी काप कातावयाचे. कडा तळाकडे किंचित तिरप्या ठेवावयाच्या, म्हणजे वरून सांधा दिसत नाही. येथे पार्श्वभूमीदेखील कापलेल्या तुकड्यांचीच असते.

आपल्याकडील 'जडावकाम' हा शब्द याहून भिन्न अर्थव्यवस्था सुचवितो. जडविण्यास कोंदण लागते. आग्ऱ्याच्या पच्चीकारीत संगमरवरात खोबण कोरून तीत दगड बसवितात. आधारभूत पांढरा पृष्ठभाग अखंड राहतो आणि रचनेत सहभागी होतो. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-ए-आममध्ये, सिंहासनामागील भिंतीत, वाद्य वाजविणाऱ्या ऑर्फियसची फ्लॉरेन्टाइन पाटी स्थानिक कामाच्या सान्निध्यात बसविलेली आहे. या दोन रीतींना एकच नाव दिल्यामुळे 'मूळ कोणाचे?' हा वाद पुष्कळ माजला. 'काम कोणत्या जातीचे?' हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागे पडला.

मेजफलकापुरता आणखी एक मुद्दा निर्णायक आहे. भिंतीवरील चित्रास वर आणि खाली असते. मेजास ते नसते, कारण त्याच्याभोवती माणसे चहूबाजूंनी वावरतात. फलकाच्या मध्यभागी एखादे निसर्गदृश्य योजिले, तर समोरच्या मनुष्यास ते उलटे दिसणे अटळ आहे. असा फलक कितीही कौशल्याने घडविला, तरी मेज म्हणून तो सदोषच होय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील फार्नेझे मेज या दोषापासून मुक्त आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोम येथे घडविलेला, जवळजवळ पावणेचार मीटर लांबीचा हा फलक भूमितीच्या आधारे उभा आहे. मध्यभागी इजिप्शियन अलबास्टरचे दोन पट्ट आहेत, आणि त्यांत दगडाच्या अंगच्या रेषांखेरीज दुसरे काहीच दाखविलेले नाही. उफ्फित्सी संग्रहालयातील अष्टकोनी मेज (१६३३–१६४९) लिगोझ्झी व पोच्चेत्ती यांच्या रेखनांवरून सिद्ध झाले. त्यात फुलेपाने आहेत. परंतु ती केंद्राकडून आठही बाजूंस पसरतात. पाहणारा कोठेही उभा राहिला, तरी रचना त्याच्यासाठीच मांडलेली भासते.

अशा फलकातील पाकळीची छटा रंगविलेली नसते. ती दगडात शोधलेली असते. अकीकाचा किंवा यास्पीसचा कोणता काप कोणत्या अंगाने घेतला असता त्यातील डागच सावलीचे काम करील, हे हेरणे हीच येथील प्रतिभा होय. चित्रकार रंग निर्माण करतो. हा कारागीर निवड करतो. निवडीस निर्मितीहून हलके लेखण्याचे कारण नाही.

ही दृष्टी स्वीकारल्यास आग्ऱ्यास आजही तयार होणाऱ्या मेजफलकांविषयीचा आपला अभिप्रायही बदलावा लागेल. त्यांतील आवर्तनास आपण एकसुरीपणा म्हणतो. वस्तुतः मेजाच्या धर्मास ते अनुरूपच आहे. दोष काढावयाचाच, तर तो अन्यत्र आहे : वेलबुट्टीच्या हव्यासाने जेथे पांढरी भूमी झाकली जाते, तेथे जडावकाम आपले कोंदणच गमावून बसते. तेव्हा सांधा, दिशा आणि दगडाची निवड या तीन कसोट्यांवर या वस्तू पारखाव्यात. आणि 'पाषाणचित्र' ही संज्ञा भिंतीवरच्या पाट्यांपुरती राखून ठेवावी.