गंगावतरणाचें एक चित्र व त्यांतील पर्वत

लाखांदुरांतील एका गृहस्थांनीं गेल्या महाशिवरात्रीच्या सुमारास आपल्या घरचें एक जुनें चौकटबंद चित्र आमच्यापुढें ठेविलें. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीं स्वहस्तें रंगविलेलें हें मूळ तैलचित्र होय, अशी त्यांच्या घरची समजूत. व तसा दाखला आम्हीं लिहून द्यावा, ही इच्छा. विषय गंगावतरणाचा. कमरेवर हात ठेवून, जटा मोकळ्या सोडून वर पाहत असलेला शंकर, नंदीला टेकलेली पार्वती, हात जोडलेला भगीरथ. व मागें हिमालय.

भिंगानें पाहतां निकाल तत्काळ लागला. तैलचित्रांत रंगाचा थर कोठें जाड, कोठें पातळ, कुंचल्याच्या ओढीप्रमाणें असतो. येथें तो सर्वत्र सपाट, आणि अंगकांतीच्या जागीं बारीक ठिपक्यांची दाटी. कापडाची वीण दिसते ती कागदावर दाबून उठविलेली. अर्थात् हा शिळाछाप: रंगागणिक वेगळा दगड, तेलाची शाई, व वरून रोगण. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें मळवलीस गेला. तेथील चित्रें घरोघर पोंचलीं. रोगणाच्या चकाकीनें संग्राहक अजून फसतात, म्हणून हा विस्तार.

आतां गुणदोष. मनुष्याकृतींत रविवर्म्यांचा हात निर्विवाद आहे. शंकराच्या उभें राहण्यांतच येणाऱ्या ओघाचा भार पेललेला दिसतो. पर्वत मात्र आम्हांस मान्य नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या तृतीय खंडांतील चित्रसूत्र पर्वत दाखविण्यास शिलासमूह, शिखरें, धातु, वृक्ष, निर्झर व सर्प सांगतें. येथें शिखरें आहेत, पण आमच्या झाडीपट्टींतील नाटकाच्या मागल्या पडद्यावर असतात तशीं. पात्रांशीं त्यांचें कांहीं देणेंघेणें नाहीं. ज्या प्रपातास धारण करण्यास प्रत्यक्ष शिवाची योजना करावी लागली, त्याच्या धाकाची खूण एकाही खडकावर उमटलेली नाहीं. प्रतापगडच्या यात्रेकरूस डोंगर चढल्यावांचून शिव भेटत नाहीं. या चित्रांतला डोंगर काढून घेतला तरी शिव जागचा हलणार नाहीं. हा दोष छापणाराचा, असें कोणी म्हणेल. छपाईंत सूक्ष्म छटा जातात हें खरें, पण मूळची मांडणी सहसा बदलत नाहीं.

शंकर-पार्वतीच्या कपाळीं कुंकवाचे जुने डाग आहेत. ते पुसून चित्र ‘स्वच्छ’ करण्यास गृहस्थ तयार होते. आम्हीं तसें करूं दिलें नाहीं. या घरांत चित्राची पूजा होत आली, याचा तेवढाच लेख उरला आहे. दाखल्यांत आम्हीं ‘छापील, मूळ तैलचित्र नव्हे’ इतकेंच लिहिलें. गृहस्थ खिन्न झाले. चित्र मात्र देवघरांतील आपल्या खिळ्यावर परत गेलें आहे.