दिवाळीतील किल्ला आणि लघुप्रतिमांचे युद्ध : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

दिवाळीची सुट्टी लागली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर, तसेच शहरांतील गल्ल्यांतून व सोसायट्यांच्या आवारांतून मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे, असे त्याचे रूप सर्वपरिचित आहे. या प्रथेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा स्मरणरंजनाच्या किंवा गौरवाच्या अंगाने. इतिहासाचे एक लघुरूप म्हणून, म्हणजे भूतकाळासंबंधी काही विधान करणारी कृती म्हणून, तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न असून त्यासाठी लघुप्रतिमांच्या साहाय्याने ऐतिहासिक लढाया खेळण्याचा पाश्चात्त्य छंद तुलनेला घेतला आहे.

या छंदाचे मूळ भारतीय वाचकाला अगदीच परके नाही. चतुरंगापासून बुद्धिबळ आणि बुद्धिबळापासून युद्धखेळ असा हा प्रवास आहे. ब्रन्सविक येथील हेलविग याने 1780 मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर भूप्रदेशाचे प्रकार आणले. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी हा खेळ चौकटींतून मुक्त केला. पित्याने 1812 मध्ये तो राजदरबारी सादर केला व पुत्राने 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांसह त्याचे नियम सिद्ध केले. सैनिकी शिक्षणाचे हे साधन घरगुती करमणूक म्हणून लोकप्रिय करण्यात एच. जी. वेल्स यांच्या 1913 मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. दिवाणखान्याच्या जमिनीवर खेळण्यातील शिपाई मांडून स्प्रिंगच्या तोफेने त्यांना पाडणारे वेल्स शेवटी असेही सुचवतात की, खऱ्या युद्धाची भयानकता ज्याला ओळखायची आहे त्याने हे लहान युद्ध खेळून पाहावे. आज या छंदातील माणूस साधारणतः 28 मिलिमीटर उंचीच्या किंवा त्याहून लहान प्रतिमा स्वतः रंगवतो, गणवेशाचा रंग ग्रंथांतून तपासतो आणि मग प्रतिस्पर्ध्यासमोर टेबलाशी बसतो.

दिवाळीतील किल्ल्याशी या छंदाचे साम्य उघड आहे. दोन्हींकडे माती, रंग आणि हातांचे कौशल्य आहे. दोन्हींकडे भूतकाळ गुडघ्याएवढा होऊन समोर येतो. भेद मात्र अधिक बोलका आहे. युद्धखेळात प्रमाणाला फार महत्त्व असते. एक प्रतिमा किती सैनिकांच्या ठिकाणी आहे आणि टेबलावरील एक वीत म्हणजे मैदानावरचे किती अंतर, हे आधी ठरते. किल्ल्यावर प्रमाण ठरते ते श्रेष्ठतेने. महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा उंच असते, मावळा तटाएवढा असतो, गुहेतला वाघ हत्तीला भारी असतो. जिज्ञासूने हे अज्ञान समजू नये. आपल्या लघुचित्रांत व देवळांवरील शिल्पांत मुख्य व्यक्ती मोठी काढण्याची जी रीत आहे तीच येथे कुंभाराच्या साच्यातून आली आहे. प्रश्न असा की, या रीतीने इतिहासाचे कोणते अंग दिसते आणि कोणते झाकले जाते.

शत्रू नसलेला गड

झाकले जाणारे पहिले अंग म्हणजे शत्रू. तोफा आहेत, पहारेकरी आहेत, तुतारीवाला आहे. पण तोफेचे तोंड ज्याच्याकडे असावे तो कोठेच नाही. बाजारातील मूर्तींच्या पाटीत मावळे मिळतात. आदिलशाही वा मोगल शिपाई तेवढ्या सहजतेने मिळत नाहीत. अफझलखानवधाचा प्रसंग मांडणारी मुले असतात, परंतु तेथेही क्षण गोठलेला असतो, त्याचा निकाल लागलेला असतो. 10 नोव्हेंबर 1659 च्या सकाळी प्रतापगडावर कोणालाही निकाल ठाऊक नव्हता, ही त्या प्रसंगाची खरी नाट्यमयता आहे. ती देखाव्यात उरत नाही. युद्धखेळात दोन बाजू असल्याखेरीज डावच सुरू होत नाही. खेळणाऱ्याला एकदा तरी दुसऱ्या बाजूने विचार करावा लागतो आणि ‘असेच का घडले, अन्यथा का घडले नाही’ हा इतिहासाभ्यासाचा मूळ प्रश्न त्याला टाळता येत नाही. पूजेच्या भावनेत हा प्रश्न विचारण्याची सोय नसते.

एक अपवाद आहे आणि तो मुलांनीच निर्माण केलेला आहे. दिवाळी सरली की अनेक ठिकाणी मुले आपलाच किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवतात. वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. तथापि कोणता बुरुज आधी कोसळेल, दगडी पाया टिकेल की नाही, याविषयी मुलांची जी उत्कंठा त्या वेळी असते ती आधीच्या पंधरा दिवसांत कधी दिसत नाही. त्या अर्ध्या तासापुरता देखावा खेळ होतो.

पायथ्याचे गाव

याचा अर्थ युद्धखेळ श्रेष्ठ आणि किल्ला कनिष्ठ, असा मात्र नव्हे. किल्ल्याच्या खालच्या अर्ध्या भागाकडे पाहावे. तेथे विहीर आहे, मोट आहे, बैलगाडी आहे, डोक्यावर घागर घेतलेली गवळण आहे, देऊळ आणि बाजार आहे. सलाइनची रिकामी बाटली उंचावर टांगून तिच्या नळीने केलेले कारंजे आहे. क्वचित प्लास्टिकची मोटारही उभी असते आणि परीक्षक तिच्यापायी गुण कापतात. या पायथ्याच्या गावात मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण असते. माथ्यावर बहुधा पाठ्यपुस्तक असते. शेत वाफ्यांनी आखलेले, पाटाला बांध घातलेला, उसाच्या जागी गवताच्या काड्या रोवलेल्या. बारामतीच्या कालव्याखालचे मूल हे कोणाला विचारून करत नाही. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तीत मुरूम किंवा तांबडी माती मिसळावी लागते, हेही त्याला हातांनीच कळलेले असते.

टेबलावरील युद्धात नेमके हेच हरवते. तेथे रेजिमेंट असतात, पण त्यांना धान्य पिकवून देणारा कुणबी नसतो. घोडदळ असते, पण दाणावैरण नसते. मराठ्यांच्या युद्धपद्धतीला हा साचा विशेष गैरसोयीचा आहे. समोरासमोरच्या लढाईसाठी घडलेल्या नियमांत माघार ही हानी म्हणून मोजली जाते. गनिमी काव्यात माघार हे साधन असते आणि शत्रूची रसद तोडणे हे निम्मे युद्ध असते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी झाली ती प्रामुख्याने भूप्रदेशामुळे. खंडणी देऊन तो परतला. अशा प्रसंगात जय कसा मोजावा? पाश्चात्त्य छंदिष्ट मराठा सैन्य मांडतात ते बहुधा 1803 च्या असईसारख्या लढायांसाठी, जेथे शिंद्यांच्या कवायती पलटणी व तोफखाना युरोपीय चौकटीत बसतात. सतराव्या शतकातील मराठे त्या चौकटीत अवघडलेलेच दिसतील. मराठी मुलखातील युद्धखेळाला पायथ्याचे गाव पटावर घ्यावे लागेल, आणि ते मांडण्याची कला दिवाळीच्या किल्ल्यापाशी आधीच आहे.

डोंगर नसलेल्या मुलखाचा इतिहास

प्रस्तुत परिसराच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय बाब निराळीच आहे. बारामती आणि इंदापूर हे प्रामुख्याने कऱ्हा, नीरा व भीमेच्या काठचे सपाट मुलूख. येथील मुले मात्र हमखास डोंगरी दुर्ग उभारतात; रायगड, प्रतापगड, राजगड यांना पसंती असते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 12 मराठा दुर्गांचा समावेश झाला. त्यांतही येथील काही नसल्याने ही ओढ वाढण्याचाच संभव अधिक. परंतु या मुलखाला स्वतःचा लष्करी इतिहास नाही काय? इंदापूर येथील लढाईत मालोजीराजे भोसले पडले. वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, स्थळाविषयी शिवभारताची साक्ष आहे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी इंदापुरात आहे. बारामती तालुक्यातील सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे. तेथील संभाजी मोहित्यांना शिवरायांनी शिमग्याच्या पोस्ताचे निमित्त करून कैद केल्याचे बखर सांगते. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाइकांचा तटबंदीचा वाडा आहे. मोरोपंतांचे गाव म्हणून बारामती साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते; तटबुरुजांचे गाव म्हणून ती फारशी ठाऊक नसते.

गढी, भुईकोट, नदीचा उतार, गावकूस यांना दिवाळीच्या अंगणात स्थान मिळत नाही, कारण त्यांत उंची नाही आणि माथ्यावर सिंहासन ठेवण्याची जागा नाही. शिवाय इंदापूरचा प्रसंग मृत्यूचा आहे. गौरवाच्या साच्यात तो बसत नाही. पटावर मात्र तो सहज मांडता येईल. कडे निजामशाही, समोर आदिलशाही, मध्ये सपाट रान आणि मालोजींचे तोकडे बळ असा डाव दहा वेळा मांडला, तर मुलांना किमान एवढे तरी विचारावेसे वाटेल की राजे तेथे थांबले कशासाठी.

अलीकडे प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले बाजारात मिळू लागले आहेत व किल्ले स्पर्धांत मूळ दुर्गाशी साम्य हाच प्रमुख निकष होत चालला आहे. हे दोन्ही बदल एकाच दिशेचे आहेत. साम्याला गुण मिळू लागले की पायथ्याचे गाव आक्रसते, कारण नकाशात ते नसते. आणि मूल शेजारच्या गढीकडे वळत नाही, कारण तिचे छायाचित्र कॅलेंडरवर नसते. इतिहास विभागांतील प्राध्यापकांना या स्पर्धांसाठी परीक्षक म्हणून बोलावणे येते. गुणपत्रिकेत प्रतिकृतीच्या अचूकतेसमोर जे आकडे छापलेले असतात, त्यांतील काही काढून ‘गावाजवळील ठाणे किंवा गढी’ आणि ‘समोरची बाजू’ या दोन रकान्यांत टाकणे त्यांच्या हातचे आहे. पहिल्या वर्षी दुसरा रकाना बहुतेक किल्ल्यांच्या बाबतीत कोराच राहील.