फंक्शनल प्रोग्रामिंगमधील संख्यामुद्रण : दशांशांच्या नियंत्रणाची चिकित्सा

फंक्शनल प्रोग्रामिंगच्या अभ्यासकांनी छपाईच्या आराखड्याचा विचार प्रामुख्याने टाइपच्या अंगाने केला आहे. ओलिव्हिए दान्व्ही यांनी १९९८ मधील 'फंक्शनल अनपार्सिंग' या शोधनिबंधात आराखड्याची अक्षरमाला बाजूस सारून लहान लहान फंक्शन्सच्या जोडणीतून तोच आराखडा उभा केला. त्यामुळे पूर्णांकाच्या जागी शब्द आला, तर चूक कंपाइल होतानाच सापडते. ओकॅमलचा कंपाइलर अक्षरमाला तपासून हीच हमी देतो. हॅस्केलच्या प्रिंटएफमध्ये मात्र ती चूक प्रोग्राम चालू असताना उघडकीस येते. दशांशचिन्हापुढील अंक कोणत्या नियमाने कमी करावयाचे, हा प्रश्न या चर्चेत किरकोळ ठरतो.

तो किरकोळ नाही. हिवरा आश्रम परिसरातील एखाद्या शेतकऱ्याचे सोयाबीन काट्यावर २ क्विंटल ६७ किलो ५०० ग्रॅम, म्हणजे २.६७५ क्विंटल भरले, असे समजू. पावतीवर दोनच दशांश छापावयाचे असतील, तर ओकॅमल २.६७ छापते आणि हॅस्केल २.६८. वजन तेच, पण दोन पावत्यांत एका किलोचा फरक! २.६७५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. संगणकात साठते ती २.६७४९९९... अशी, किंचित कमी. ओकॅमल सी भाषेच्या छपाईवर विसंबून या साठलेल्या संख्येचेच राउंडिंग करते. हॅस्केल बर्गर व डिब्विग यांच्या १९९६ मधील पद्धतीला अनुसरून प्रथम त्या संख्येची पुरेशी ओळख पटवणारे सर्वांत आखूड दशांश रूप शोधते. ते पुन्हा २.६७५ असेच येते आणि राउंडिंग त्यावर होते. दोन्ही रीती आपापल्या जागी सुसंगत आहेत. आक्षेप आहे तो ही निवड वापरणाऱ्याच्या नजरेआड होते यावर.

दशांशांची संख्या चलरूपाने देण्याची सोय दोन्ही भाषांत आहे. ओकॅमलमध्ये आराखड्यातील तारांकनाद्वारे ती देता येते, तर हॅस्केलच्या शोएफफ्लोटमध्ये तो पहिलाच आर्ग्युमेंट असल्याने एकदा ठरवलेली अचूकता सर्व पावत्यांना लावता येते. ही रचना निश्चितच देखणी आहे. परंतु आर्ग्युमेंट म्हणून जाते ती केवळ अंकांची संख्या. राउंडिंगचा नियम फंक्शनच्या पोटातच राहतो. फंक्शनला फंक्शन सुपूर्द करणे हा ज्या भाषांचा स्थायीभाव, त्यांनी नेमका हाच नियम सुपूर्द करू देऊ नये, हे नवलाचे आहे.

तोवर हिशेबाच्या प्रोग्राममध्ये वजन ग्रॅममध्ये व रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी, राउंडिंगचे फंक्शन स्वतंत्र व नाव देऊन लिहावे आणि छपाईकडे तयार अंकच सोपवावेत.