संमेलन आणि संकेत : विज्ञानकथेच्या नवलेखकाची घडण

विज्ञानकथा आणि अद्भुतिका या वाङ्मयप्रकारांच्या अमेरिकन परंपरेत वाचक-लेखकांच्या संमेलनांना जे स्थान लाभले आहे, तसे स्थान अन्य वाङ्मयप्रकारांत क्वचितच आढळते. नवोदिताने अशा संमेलनांस जावे, असा सल्ला तेथे नेहमी दिला जातो आणि त्याचे कारणही ठरलेले असते : संपादकांशी, मध्यस्थांशी ओळखी होतात. हे उत्तर व्यवहाराच्या पातळीवर खोटे नाही. परंतु वाङ्मयीन दृष्ट्या ते अपुरे आहे. ‘कन्व्हेन्शन’ या इंग्रजी शब्दाला संमेलन आणि संकेत असे दोन्ही अर्थ आहेत. नवलेखकाला संमेलनातून काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर या दोन अर्थांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते.

पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले. उपस्थिती सुमारे २०० होती. त्यांत लॉस एंजेलिसहून बसने आलेले, अद्याप एकाही कथेचे मानधन न मिळालेले अठरा वर्षांचे रे ब्रॅडबरी होते. प्रवासाचे पैसे फॉरेस्ट अ‍ॅकरमन या विज्ञानकथाप्रेमी मित्राने दिले होते. ओळखींच्या हिशेबाने पाहिले, तर या प्रवासाचा तात्काळ लाभ ब्रॅडबरींपेक्षा हॅनेस बोक या संमेलनास न आलेल्या चित्रकारालाच अधिक झाला. त्यांची चित्रे ब्रॅडबरींनी सोबत नेऊन ‘विअर्ड टेल्स’च्या संपादकांना दाखवली आणि बोक यांना काम मिळाले. ब्रॅडबरींची मानधन मिळालेली पहिली कथा, तीही हेन्री हॅसे यांच्यासह लिहिलेली, प्रसिद्ध झाली १९४१ मध्ये. म्हणजे संमेलनाने त्यांना प्रकाशन दिले नाही. मग दिले काय?

याचे उत्तर सॅम्युएल डिलेनी यांच्या वाचनविषयक विवेचनाच्या आधारे देता येते. डिलेनी विज्ञानकथेचे वेगळेपण तिच्या आशयसामग्रीत पाहत नाहीत. ते वाचनाच्या विशिष्ट रीतीत पाहतात. ‘घर त्याच्यावर रुसले होते’ हे वाक्य वास्तववादी कथेत लक्षणेने घेतले जाईल. विज्ञानकथेत ते वाच्यार्थानेही खरे असू शकते. वाक्य तेच असूनही त्याचा अर्थ लावणारा संकेतव्यूह बदलतो. हा संकेतव्यूह कोणत्याही व्याकरणात नोंदलेला नसतो. तो वाचकसमूहाच्या सवयींत वसत असतो. एकांतात वाचणाऱ्या नवोदिताला तो जाणवतो, परंतु दिसत नाही. संमेलनात तो दिसू लागतो : कोणती कल्पना शिळी मानली जाते, कोणते स्पष्टीकरण अनावश्यक ठरते, वाचक कोठे विश्वास ठेवतो आणि कोठे हसतो. लेखनात ज्याला केवळ गृहीत धरले होते, तो वाचक समोर बसलेला असतो; एवढेच नव्हे, तर उद्या तोही लेखक होण्याची शक्यता असते. वाचक आणि लेखक यांच्यातील सीमारेषा पुसट असणे, हे या वाङ्मयव्यवहाराचे वैशिष्ट्य होय. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे सुरू झालेल्या ह्यूगो पुरस्कारांचा निर्णय संमेलनाच्या सदस्यांच्या मतांनी होतो, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या जाणिवेला शिस्तीचे रूप मिळाले ते मात्र संमेलनाच्या परिघावर. डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांनी १९५६ मध्ये मिलफर्ड येथे लेखकांची परिषद सुरू केली. परस्परांच्या अप्रकाशित संहितांची समोरासमोर चिकित्सा करणे ही तिची पद्धत. तीच पद्धत १९६८ मध्ये रॉबिन स्कॉट विल्सन यांनी पेनसिल्व्हेनियातील क्लॅरियन येथे नवोदितांच्या कार्यशाळेसाठी स्वीकारली. ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली या कार्यशाळेत होत्या आणि त्यांची पहिली प्रकाशित कथा क्लॅरियनच्याच १९७१ च्या संग्रहात आली. संमेलन वाचकाची अपेक्षा दाखवते. कार्यशाळा त्या अपेक्षेशी झुंजणारी संहिता घडवू पाहते. या दोहोंतील फरक नवलेखकाने ओळखायला हवा. केवळ संमेलनावर पोसलेला लेखक सभागृहाला रुचेल तेच लिहू लागण्याचा धोका असतो. अशा वेळी संकेत साचा बनतो आणि कथा समूहाच्या स्मरणरंजनाचे साधन ठरते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. संकेत समूहाचे असतील, तर समूहात कोणाला प्रवेश आहे, हा प्रश्न केवळ सामाजिक राहत नाही. तो वाङ्मयीनही ठरतो. १९३९ च्या त्या पहिल्याच संमेलनात ‘फ्यूचरियन’ गटातील सहा जणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. फ्रेडरिक पोल हे त्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी पोल संपादक म्हणून ‘सुपर सायन्स स्टोरीज’ काढू लागले. ब्रॅडबरींची १९४१ ची कथा आली ती याच नियतकालिकात. दाराबाहेरचा माणूस परंपरेच्या केंद्राशी पोहोचू शकतो, हे यातून दिसते. मात्र पोल यांना आड आलेले वैर गटांचे होते. वर्ण वा लिंग यांचे अडथळे इतक्या सहज ओलांडता येत नाहीत. डिलेनी यांनी १९९८ मधील आपल्या निबंधात, संमेलनांतून कृष्णवर्णीय लेखकांना परस्परांशेजारी बसवण्याची प्रवृत्ती नोंदवली आहे. वाङ्मयीन साधर्म्य नसतानाही जोडी लागते ती वर्णावरून. संमेलनात संहितेबरोबर लेखकाचा देहही वाचला जातो.

याच्या उलट उदाहरण जेम्स टिपट्री (धाकटे) यांचे. १९६८ पासून कथा लिहिणारे हे नाव वाचकांना परिचित होते, पण व्यक्ती कोणीच पाहिली नव्हती. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी या लेखनात निःसंशय पुरुषी काही आहे, असा निर्वाळा दिला. पुढे १९७७ पर्यंत उघड झाले, की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. संमेलनापासून दूर राहूनही त्यांनी समूहाचे संकेत आत्मसात केले होते, ते वाचनातून आणि अर्सुला ले ग्वीन, जोआना रस यांसारख्यांशी झालेल्या पत्रव्यवहारातून. म्हणजे नवलेखकाला आवश्यक असतो तो संवाद. संमेलन हे त्याचे एक रूप. पुढे १९९१ मध्ये टिपट्री यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला, तो विस्कॉन या १९७७ पासून भरणाऱ्या स्त्रीवादी संमेलनात. समूह बदलला, की त्याचे संकेतही बदलू शकतात, याची ही साक्ष.

मराठीत या संदर्भात जयंत नारळीकर यांचे उदाहरण आठवते. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. प्रतिष्ठेचा भार उतरवून संहिता तपासून घेण्याचा हा मार्ग होता. परंतु स्पर्धा निर्णय देते. वाचनाची सामूहिक रीत घडवणे हे तिचे कार्य नव्हे. ती घडते वाद, आक्षेप आणि पुनर्वाचन यांतून, आणि नवलेखकाला संमेलनाने काही द्यावयाचे असेल, तर ते हेच. संकेत शिकवणे हा त्याचा पहिला लाभ. ते संकेत कोणी घडवले आणि घडवताना कोण बाहेर राहिले, हे ओळखण्याची दृष्टी मिळणे हा दुसरा. आणि लेखक अनुयायी राहणार की निर्माता होणार, हे या दुसऱ्या लाभावरच ठरते.