फारसी-मराठी कोश आणि माधव जूलियन यांची भाषादृष्टी

माधव त्र्यंबक पटवर्धन तथा माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसीचे अध्यापन केले व १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला. पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या ग्रंथात त्यांनीच भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. ही विसंगती वरकरणी आहे; शब्दाचे मूळ जाणणाऱ्यालाच तो वर्ज्य करण्याचा विवेक साधतो. तथापि या भूमिकेची मर्यादा शब्दांच्या प्रवासातच दिसते. ‘अर्ज’, ‘वकील’ हे शब्द अरबीतून फारसीत व तेथून मराठीत आले आणि मराठी प्रत्यय स्वीकारून येथलेच झाले. म्हणून शिवकालीन पत्रे वाचणाऱ्या अभ्यासकास शुद्धीचे पुरस्कर्ते पटवर्धन नव्हेत, तर कोशकार पटवर्धनच अधिक मार्गदर्शक ठरतात.