रूपबंध आणि राजकीय निष्ठा

कलाकृतीचा रूपबंध रसिकाची राजकीय निष्ठा घडवतो काय, हा प्रश्न संगीताच्या संदर्भात विशेष बिकट होतो. कारण स्वर शब्दांप्रमाणे भूमिका घेत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दीर्घ रचना, बदलते ताल आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताशी नाते ही त्याची लक्षणे. नावातील विशेषणाचा ‘पुरोगामी’ असा अर्थ घेऊन त्याच्या श्रोत्याला डाव्या विचारांचा मानणे मात्र फसवे ठरते.

‘पिंक फ्लॉइड’च्या ‘ॲनिमल्स’ (१९७७) मध्ये भांडवली समाजाची कुत्री, डुकरे आणि मेंढरे अशी वर्गवारी आहे. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या कॅनडातील ‘रश’च्या ‘२११२’ मध्ये सामूहिक सत्तेविरुद्ध उभा राहिलेला एकटा कलावंत आहे आणि तेथे आयन रँडचे ऋण जाहीरपणे मान्य केलेले आहे. त्यावरून ‘रश’वर फॅसिस्टपणाचा आरोप झाला, वास्तविक त्या संघातील गेडी ली याचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले होते. गीतकार नील पर्ट याने पुढे रँडपासून स्वतःला दूर केले. एकाच रूपबंधात परस्परविरोधी आशय नांदू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

हा पेच बंगळुरातील के. आर. पुरमसारख्या ठिकाणी अधिक गहिरा होतो. येथील दूरवाणीनगर १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्याभोवती वसले. पुढे व्हाइटफील्डच्या दिशेने संगणक-कंपन्यांची संकुले उभी राहिली. अशा परिसरातील श्रोत्याला ‘२११२’ मधील पुरोहितसत्ता सरकारी नियंत्रणाचे प्रतीक वाटू शकते, तशीच ती कंपनीच्या शिस्तीचेही वाटू शकते. रॉजर वॉटर्स २००२ साली बंगळुरात गायला. तेव्हा ‘ॲनिमल्स’चा उपहास ज्या वर्गव्यवस्थेवर आहे, तिच्याच पायऱ्या चढू पाहणारा तरुण त्याला मनापासून दाद देऊ शकत होता. या दादेला ढोंग म्हणणे सोपे, पण अपुरे आहे.

मराठी रसिकाला ही विसंगती अपरिचित नाही. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त शौर्य धनापेक्षा श्रेष्ठ ठरते, १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला त्याचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. प्रेक्षागृहातील प्रत्येकजण स्वराज्यासाठी आला होता की दोन गळ्यांसाठी, हे टाळ्यांवरून ठरवता येत नाही. फंडात पडलेला पैसा मात्र खरा होता.

म्हणून श्रोत्याचे राजकारण त्याच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिकांत शोधू नये. संगीत अन्यायाची जाणीव तीव्र करू शकते. परंतु त्या जाणिवेची किंमत श्रोत्याने कोठे आणि कशी मोजली, ते मैफल संपल्यानंतरच कळते. बंडखोर अभिरुची हे बंडाचे प्रमाणपत्र नव्हे.