शास्त्री आणि वकील
महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इंग्रजी इतिहासाचा तिसरा खंड १९४६ साली निघाला. त्यात दायविभागाचे विवेचन आहे. आणि ग्रंथकार तर मुंबई हायकोर्टातील वकील होते! वकिली व पांडित्य एकत्र नांदावी काय? आमच्या मते नांदावी, पण एका अटीवर. वकिलाने प्रतिकूल वचन वगळले, तर ते पुढे करण्यास प्रतिपक्षाचा वकील उभा असतो; ग्रंथकारापुढे कोणीच नसतो. तेथे पूर्वपक्ष त्यानेच प्रामाणिकपणे मांडावयाचा. काणे विरोधी वचने देऊन मगच निर्णय सांगतात, हा त्यांचा मोठा गुण होय. तथापि ज्या प्रश्नावर आपण अशिलाची बाजू लढविली, तेथे तसे स्पष्ट सांगणे हे प्रत्येक वकील-ग्रंथकाराचे कर्तव्य आहे; कारण आज लिहिलेला ग्रंथ उद्या न्यायासनापुढे प्रमाण म्हणून वाचला जातो.